आभाळात कुणी काही सोडलं आणि आमचा पाऊस हुकला, तर दाद कुणाकडे मागायची?

बालाघाटकर

मंडळी, नमस्कार.

माझी शेती बार्शी तालुक्यात, वैरागच्या बाजूला. चार एकर द्राक्षबाग, बाकी रानात उडीद, सोयाबीन, तूर. प्रश्न कायद्याचा आहे, पण तो मला कसा पडला हे सांगितल्याशिवाय नीट मांडता येणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्या घरात पावसाची वही आहे. बहात्तरच्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. पुढच्या साली त्यांनी पर्जन्यमापक आणला, खळ्याच्या कडेला उघड्यावर बसवला आणि मृग लागल्यापासून रोज सकाळी साडेआठला मोजून लिहायला लागले. नक्षत्र, त्याचं वाहन, वारा कुठला, पाऊस किती मिलिमीटर. पाऊस नसला तरी शून्य लिहायचंच, हा त्यांचा दंडक. ते गेल्यावर मी लिहितो. आता सातवी वही चालू आहे.

२०१८ ला आमच्याकडे परतीचा पाऊस फिरकलाच नाही. बागेला टँकरने पाणी घातलं, तरी एक एकर तोडावी लागली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात डोक्यावरून छोटी विमानं फिरायला लागली. सोलापूरला होटगी रोडच्या विमानतळावर कुंपणाबाहेरून एक विमान पाहिलं. पंखाच्या मागच्या कडेला नळकांड्या ओळीने बसवलेल्या, दिवाळीतल्या भुईनळ्यासारख्या. काही जळून काळ्या पडलेल्या, काही कोऱ्या.

आश्लेषात एक दिवस दुपारी ढग भरून आला. विमानाने त्याच्याखाली दोन घिरट्या घातल्या आणि तासाभरात पाऊस पडला तो पलीकडच्या शिवारात. आमच्याकडे थेंब नाही. वहीत माझ्याच अक्षरात आहे : ‘विमान दोन फेऱ्या. ढग सरकला. शून्य.’ संध्याकाळी पारावर एकच विषय, ढग पळवला. पलीकडच्या गावाशी आमची सोयरीक, तरी आठवडाभर बोलाचाली बंद.

नंतर मी माहिती काढली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा सोलापुरात मोठा प्रयोग चालू होता. काही ढगांच्या तळाशी क्षाराचे कण सोडायचे, काही ढगांत मुद्दाम सोडायचे नाहीत, आणि मग दोन्हींचा पाऊस ताडून पाहायचा. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले : वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जादा पाऊस. २०१९ च्या पावसाळ्यात राज्य सरकारचाही औरंगाबादहून वेगळा प्रयोग होता. त्यामुळे आमच्या ढगाखालचं विमान कोणाचं होतं, त्या दिवशी त्याने काही सोडलं की नुसतंच फिरलं, हे मला आजही सांगता येत नाही. एका कार्यालयात विचारायला गेलो होतो, ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

पुण्यात शिकणारी मुलगी परवा म्हणाली, बाबा, हे तर एका ढगापुरतं झालं. आता सूर्याचा उजेडच थोडा परतवून लावायचा विचार चाललाय. वीस किलोमीटर उंचीवर, ढगांच्याही वर, विमानांनी गंधकाचे कण सोडायचे. १९९१ मध्ये फिलिपाइन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्धा अंश गार झाली. तेच आता माणसाने करायचं. आणि त्यामुळे आपला मोसमी पाऊस कमी होऊ शकतो, हेही संशोधकच सांगतात.

मी रात्री वही काढून १९९२ ची पानं चाळली. पण एका गावाच्या पानांवरून काय समजणार?

तर माझा प्रश्न असा. हे दुसऱ्या देशाने किंवा एखाद्या कंपनीने केलं आणि इकडे आमचे उत्तरा-हस्त कोरडे गेले, तर मी दाद कुणाकडे मागायची? आणि करणाऱ्याने आधी परवानगी कुणाची घ्यायची? जगात कुठे तसं लिहून ठेवलेलं आहे का?

पन्हाळा७

विमानामागे पांढरे पट्टे उमटतात आणि बराच वेळ राहतात, ते याचंच का? आमच्या ग्रुपवर रोज फोटो येतात. खरं काय ते कुणीतरी सांगा.

मांडवीकाठ

पन्हाळा७, ते पट्टे म्हणजे इंजिनातल्या वाफेचं वर थंडीत झालेलं बर्फ. हवा दमट असली की पट्टा टिकतो, कोरडी असली की लगेच विरतो. त्याचा याच्याशी संबंध नाही.

बालाघाटकर, ‘परवानगी कुणाची’ हा तुमचा प्रश्न एकदा खरोखरच उभा राहिला होता, आणि त्यात आपला देश होता. आपला म्हणजे अगदी गोवाच. तेव्हा मी गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, सागरविज्ञान शिकत होते. खाली दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. २००९ चा जानेवारी. आमच्या विभागात दुसरा विषयच नव्हता.

प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. त्यातला ‘लोहा’ म्हणजे आपलं लोखंडच. दक्षिण महासागरात बाकीची पोषकद्रव्यं भरपूर आहेत, पण लोह अगदी कमी, म्हणून तिथली सूक्ष्म वनस्पती वाढत नाही. थोडं लोह दिलं तर ती फोफावेल, हवेतला कार्बन खेचेल, आणि मरून तळाला गेली की तो कार्बनही खोल गाडला जाईल, अशी कल्पना. पाण्यात सोडायचं होतं फेरस सल्फेट. तुमच्या बागेत पानं पिवळी पडली की तुम्ही देता तोच हिराकस. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बरणी होती, फिकट हिरवे खडे, झाकण सैल राहिलं की वरून तांबूस होणारे. एवढ्या साध्या वस्तूसाठी दोन देशांची सरकारं कामाला लागतील असं वाटलंही नव्हतं.

दोना पावलाची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग. डॉ. वाजिह नक्वी आणि डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक हे दोघे प्रमुख. ७ जानेवारीला ‘पोलारस्टर्न’ जहाज केपटाउनहून निघालं, आणि ते वाटेत असतानाच वाद पेटला. २००८ च्या मे महिन्यात बॉनला जैवविविधता कराराच्या परिषदेत एक ठराव झाला होता : पुरेसा शास्त्रीय आधार आणि देखरेखीची व्यवस्था होईपर्यंत समुद्राला असं खत घालू नये. अपवाद फक्त किनारी पाण्यातल्या लहान प्रमाणावरच्या संशोधनाचा. आणि हे जहाज चाललं होतं भर महासागरात, ४८ अंश दक्षिणेला, जिथून कुठलाच किनारा जवळ नाही. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितलं.

दुसऱ्या बाजूलाही कागद होता. ऑक्टोबर २००८ मध्ये लंडन कराराच्या देशांनी, म्हणजे समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातल्या देशांनी, ठरवलं होतं की खत घालण्याला मनाई, पण खऱ्याखुऱ्या शास्त्रीय संशोधनाला मुभा. त्यात किनाऱ्याची अट नव्हती. शिवाय ‘किनारी पाणी’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे बॉनच्या ठरावात कुणी लिहिलंच नव्हतं. त्या दोन शब्दांवर सगळं अडलं. जहाज प्रयोगाच्या जागेकडे जातंय, वर शास्त्रज्ञ आहेत, पोटात हिराकस आहे, आणि किनारी म्हणजे काय यावर कागद लिहिले जात आहेत. तज्ज्ञांचे अहवाल मागवले गेले आणि २६ जानेवारीला जर्मनीच्या संशोधन मंत्रालयाने हिरवा कंदील दाखवला. आपल्याकडे त्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, तरी आम्ही पाच-सहा जणी बातमीसाठी विभागात जमलो होतो.

पुढचं थोडक्यात. ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात दोनदा, दर वेळी २ टन लोह सोडलं. ३९ दिवस त्या पाण्याचा माग काढला. सूक्ष्म वनस्पती वाढली, पण त्या भागात सिलिका कमी असल्यामुळे सिलिकाचं कवच बांधणाऱ्या डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींना जोर धरता आला नाही. जे वाढलं ते कोळंबीच्या जातीच्या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकलं. खोल तळाकडे जादा कार्बन गेलाच नाही म्हणा ना.

प्रयोगाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. तिथून जे कळलं ते मोलाचं आहे. पण होकार किंवा नकार देणारं माणूस कोण, हे जहाज बंदरातून सुटल्यावर शोधावं लागलं, ही गोष्ट मला तेव्हाही टोचली. समुद्र कुणाचाच नाही म्हणजे मोकळा आहे, असं मी तोवर धरून चालले होते. शेवटी निर्णय झाला तो जर्मनीच्या दोन मंत्रालयांच्या ओढाताणीत. कारण जहाज जर्मनीचं. जहाज ज्याचं, कायदा त्याचा. उद्या तुमच्या गंधकाच्या विमानाचंही तसंच होईल, विमान ज्या देशात नोंदवलेलं तो देश ठरवणार.

त्यानंतर २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे त्याच लंडन कराराच्या सुधारित रूपात, दुरुस्ती मंजूर झाली. समुद्रातल्या अशा प्रयोगांना परवाना लागेल, आधी परिणामांची तपासणी होईल, असं त्यात नीट लिहिलंय. पण दोन तृतीयांश सदस्य देशांनी मान्यता दिल्याशिवाय ती लागू होत नाही, आणि मान्यता देणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इतकी वर्षं ती तशीच पडून आहे.

वेझरकिनारी

मी ब्रेमरहाफेनला असतो, बंदरातल्या क्रेनच्या देखभालीचं काम करतो. मूळचा चिपळूणचा. ‘पोलारस्टर्न’ इथल्याच बंदराचं जहाज, दुरुस्तीला आलं की दिसतं. मांडवीकाठ ताई, तुमची माहिती बरोबर आहे, पण सूर मला पूर्ण पटत नाही.

लोहाफेक्स झालं म्हणून जगाला कळलं की लोखंड ओतलं की कार्बन बुडतोच असं नाही. ते जहाज परत बोलावलं असतं तर समुद्रात खत घालून कार्बनचे दाखले (कार्बन क्रेडिट) विकू पाहणाऱ्यांचं फावलं असतं. त्यांना खोटं पाडायला आकडे कुठून आणले असते?

आणि नियम कुणाला अडवतो ते बघा. सूर्याचा उजेड परतवण्याच्या प्रयोगासाठी हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाहून फुगा सोडायचा होता, तोही आधी नुसती उपकरणं तपासायला. तिथले मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या परिषदेने विरोध केला, प्रयोग थांबला, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला. एक कण हवेत गेला नाही. उलट २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मेक्सिकोत जाऊन गंधकाचे फुगे कुणाला न विचारता सोडून दिले. मेक्सिको सरकारला ते नंतर समजलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी बंदी जाहीर केली. त्याआधी २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेला हैदा ग्वाई बेटांजवळ एका कंपनीने जवळपास १०० टन लोहयुक्त माल समुद्रात ओतला. तिथल्या हैदा लोकांच्या गावाने त्यात कर्ज काढून पैसे घातले होते, कारण सामन मासे वाढतील असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ते वाचून मला आमच्याकडचे मासेमारीवाले आठवले. मासा मिळेनासा झाला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

जो विचारून करतो तो अडतो आणि जो विचारत नाही तो करून मोकळा होतो. संशोधनाला वेगळी, सोपी आणि उघडी वाट पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मांडवीकाठ

उघडी वाट पाहिजे, यावर आपलं एकमत आहे. पण सामी लोकांना तुम्ही अडवणारे म्हणताय ते मला मान्य नाही. त्यांच्या डोक्यावरच्या आभाळात काय होणार, हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बालाघाटकरांचं तरी वेगळं काय आहे?

कायदेवाचक

मी पुण्यात तीस वर्षं वकिली केली, बहुतेक पाण्याच्या आणि जमिनीच्या वादांत. बालाघाटकरांचा प्रश्न वाचून दोन दिवस विचार करत होतो. एकेक घेतो.

आधी ढग कुणाचा. हा वाद अमेरिकेत जुना आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्क शहरात पाणीटंचाई होती, म्हणून महापालिकेने कॅट्सकिल डोंगरात कृत्रिम पावसाचे प्रयोग सुरू केले. तिथल्या एका रिसॉर्टच्या मालकाने मनाई हुकूम मागितला, पाऊस पडला तर माझे पाहुणे येणार नाहीत म्हणून. कोर्टाने नकार दिला : ढगातल्या ओलाव्यावर तुमची मालकी नाही, आणि एका कोटी लोकांचं पाणी तुमच्या संभाव्य तोट्यापेक्षा मोठं.

आठ वर्षांनी टेक्सासमध्ये उलट निकाल लागला, आणि तो तुमच्या कामाचा आहे. काही शेतकऱ्यांनी गारपीट टाळण्यासाठी ढगांत फवारणी करणारी विमानं लावली होती. शेजारच्या जेफ डेव्हिस काउंटीतल्या गुरं पाळणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या कुरणावर येणारे ढग त्यामुळे फुटतात. शास्त्रीय पुरावा दोन्हीकडून अपुरा होता. साक्षीला उभे राहिले ते स्थानिक लोक. विमान आलं, ढगात शिरलं, ढग विरला, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. कोर्टाने ती साक्ष धरली आणि त्यांच्या जमिनीवरच्या आभाळापुरती फवारणीला तात्पुरती मनाई केली. तुमच्या आश्लेषातल्या नोंदीसारखीच ती साक्ष. पुढे १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोर्टाने मधला मार्ग काढला : जमीनमालकाचा ढगावर काही हक्क आहे, पण अमर्याद नाही.

आपल्याकडे असा निकाल माझ्या वाचनात नाही, आणि या कामासाठी स्वतंत्र कायदाही नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी राज्याच्या यादीत सतराव्या नोंदीत आहे, तर हवामान संस्था केंद्राच्या यादीत अडुसष्टाव्या नोंदीत. पाऊस जमिनीवर पडला की तो राज्याचा विषय झाला. ढगात असतो तेव्हा काय, हे तिथे लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९७१ पासून निदान एवढा कायदा आहे की हवामानात फेरफार करणाऱ्या प्रत्येकाने सरकारला कळवायचं, आणि त्या नोंदी कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे आधी तेवढंच करावं, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या तारखेला, कुठल्या गावावर, काय सोडलं, एवढ्या चार ओळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्या असत्या तर तुमची सोयरीक आठवडाभर अबोल राहिली नसती.

देशातल्या देशात नुकसान झालं, तर मात्र तुम्ही रिकाम्या हाताचे नाही. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं. नुकसान होईलच याचा पक्का पुरावा नाही, एवढ्या सबबीवर काळजी घेणं टाळता येत नाही, आणि आपलं काम निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी ते करणाऱ्यावर. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही ते विसाव्या कलमात आहे. आणि २०२४ मध्ये माळढोकाच्या खटल्यात न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये बसवला. आता ही तलवार दुधारी आहे. उद्या कुणी म्हणेल, उष्णतेपासून लोकांना वाचवण्यासाठीच गंधक सोडतोय. त्यावर न्यायालय काय म्हणेल, याचा अंदाज मी करणार नाही.

परदेशाचं प्रकरण अवघड. आंतरराष्ट्रीय न्यायालयात तुम्ही जाऊ शकत नाही, देशच देशाविरुद्ध जातो. म्हणजे तुमच्या वतीने दिल्लीने उभं राहायला हवं. यात सगळ्यात जवळचा दाखला गंधकाचाच आहे. कॅनडात ट्रेल नावाच्या गावी शिसं-जस्त गाळणारा कारखाना होता. त्याचा सल्फर डायऑक्साइड कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून खाली सीमेपलीकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर यायचा. पिकं आणि झाडं जळायची. दोन देशांनी लवाद नेमला. १९३८ मध्ये लवादाने ७८ हजार डॉलरची भरपाई दिली आणि १९४१ मध्ये तत्त्व घालून दिलं : आपल्या भूमीचा वापर करून दुसऱ्याच्या भूमीला धुराने गंभीर इजा करण्याचा हक्क कुठल्याही देशाला नाही. पण त्यात एक अट आहे, इजा स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे.

तुमचा दावा अडेल तो इथेच. ट्रेलला धुराडं एक होतं आणि शेतं समोर दिसत होती. वीस किलोमीटरवर सोडलेला कण महिनाभरात पृथ्वीला वळसा घालतो. बार्शीचा हस्त कोरडा गेला तो त्या गंधकामुळे, की प्रशांत महासागरातल्या एल निनोमुळे, की असाच, हे एका वर्षापुरतं कोण छातीठोकपणे सांगेल? आपला पाऊस मुळातच लहरी. जो करेल त्याचा वकील कोर्टात पहिलं हेच वाक्य बोलेल. त्यामुळे झाल्यावर भरपाई मागू, या भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं. आधी परवानगी, हाच खरा मुद्दा.

लढाईचं एक टोक तेवढं बंद आहे. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात १९६७ ते ७२ दरम्यान हो चि मिन्ह मार्गावर ढगांत फवारणी केली. हेतू हा की पावसाळा लांबावा, रस्ते चिखलात जावेत. त्यावरून गदारोळ झाला आणि १९७६ मध्ये करार झाला, निसर्गात फेरफार करून शत्रूला इजा करायची नाही. भारत त्यात १९७८ पासून आहे. पण तो करार शत्रुत्वाने केलेल्या कृत्यापुरता. भलं करण्यासाठी करतोय, असं म्हणणाऱ्याला तो लागू होत नाही.

समुद्राचं थोडं बरं आहे. सागरी कायद्याच्या करारात १९५ वं कलम आहे, एका प्रकारचं प्रदूषण दुसऱ्या प्रकारात बदलायचं नाही. सागरी न्यायाधिकरणाने मे २०२४ च्या सल्लागार मतात ते कलम सागरी भू-अभियांत्रिकीलाही, म्हणजे हवामानासाठी समुद्रात मुद्दाम केलेल्या फेरफारांनाही, लावून दाखवलं. आभाळासाठी असं काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने निदान तज्ज्ञांचा गट नेमा असा ठराव आणला होता. आफ्रिकी देशांना त्याहून पुढे जाऊन वापरबंदी हवी होती, काहींना एवढाही ठराव नको होता. शेवटी तो मागे घ्यावा लागला.

पन्हाळा७, अमेरिकेत टेनेसीने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये हवामान बदलण्यासाठी हवेत काही सोडण्यावर बंदी घातली. तिथल्या चर्चेत तुमचे पांढरे पट्टेही आले. अफवेवर कायदा बेतला की खऱ्या प्रश्नाला हात घालायला कुणाला सवड राहत नाही, म्हणून ग्रुपवरचे ते फोटो पुढे पाठवू नका ही विनंती.

आणि बालाघाटकर, ती वही. तिची किंमत तुम्हाला आहे त्याहून मोठी आहे. पन्नास वर्षं, एकाच जागी, एकाच वेळी मोजलेला पाऊस, शून्यांसकट. उद्या कुणीही कुठलाही दावा केला तरी ‘आधी कसं होतं’ हे ठरवायला हेच लागतं. सगळी पानं स्कॅन करून एक प्रत बाहेर ठेवा, मूळ वह्या वाळवीपासून जपा.

बालाघाटकर

सगळ्यांचे आभार. कायदेवाचक साहेब, तुमचं उत्तर मी मोठ्याने वाचून घरच्यांना ऐकवलं. टेक्सासची गोष्ट पलीकडच्या गावच्या आमच्या व्याह्यांनाही फोनवर सांगितली. ते म्हणाले, आमच्याकडे त्या दिवशी ३१ मिलिमीटर पडला होता, आणि आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही भांडलो एकमेकांशी, आणि ज्याची माहिती नव्हती ती दोघांनाही नव्हती.

वेझरकिनारी, प्रयोग बंद करा असं मला म्हणायचं नाही. दुष्काळी माणसाला जादा पाऊस नको असेल का? १८ टक्के म्हणजे आमच्याकडे उडदाचं पीक हाती लागणं आणि न लागणं, एवढा फरक. पण तो आकडा ज्या ढगांवरून काढला त्यातला एक आमच्यावरचा असेल, तर ते मला कळायला हवं. आणि उद्या वरून गंधक सोडायचं ठरलं तर ते ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आमच्याकडचं कुणीतरी बसलेलं हवं.

वाळवीचं तुम्ही म्हणालात म्हणून काल पेटी उघडली. दुसऱ्या वहीचा पुठ्ठा कडेने खाल्लाय, १९८४ ची चार पानं गेली. बाकी शाबूत आहे. मुलगी दिवाळीला येईल तेव्हा सगळं मोबाईलवर उतरवून घेणार.

तोवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिलाय. मजकूर असा : ‘२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यात ढगांत केलेल्या फवारणीची तारीख, वेळ, ठिकाण (अक्षांश-रेखांश), सोडलेला पदार्थ आणि त्याचं प्रमाण यांची उपलब्ध नोंद मिळावी.’ हा प्रयोग करणाऱ्या संस्थेला पाठवतो. काही राहिलं असेल तर सांगा.

कायदेवाचक

चांगला आहे. दोन गोष्टी जोडा. ज्या ढगांखाली विमान गेलं पण फवारणी मुद्दाम केली नाही, त्यांच्याही तारखा मागा. तुमच्या आश्लेषातला ढग कदाचित त्यातला असेल. आणि राज्य सरकारच्या त्या वर्षीच्या प्रयोगासाठी वेगळा अर्ज करा, एकाच अर्जात दोन्ही घालू नका. केंद्राच्या संस्थेसाठी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर पुरते. राज्याच्या अर्जाला कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

बालाघाटकर

दोन्ही जोडलं. व्याहीही सही करतो म्हणाले, पण अर्ज एकाच्याच नावाने असलेला बरा असं वाटलं, म्हणून ते स्वतःच्या गावाचा वेगळा करताहेत. सोमवारी दोघं मिळून वैरागच्या पोस्टात जातो.